मी खोडलेलं एक नाव

चार वर्षांपूर्वी मी एका लेखातून 'लुईसीन' हे नाव खोडलं. गेल्या महिन्यापर्यंत ते माझ्या लक्षातही नव्हतं.

संग्रहालयशास्त्राच्या एका इंग्रजी जर्नलसाठी मी नऊ वर्षांपासून छपाईआधीचे लेख तपासते. तळटिपा, संदर्भसूची, तारखा, चित्रांखालच्या ओळी हे सगळं माझ्याकडे येतं. त्याआधी अकरा वर्षं मी एका संग्रहालयाच्या नोंदणी विभागात होते, त्यामुळे चित्राखालची ओळ मला शब्दन् शब्द पाठ असल्यासारखी दिसते. तो लेख होता स्त्री-संग्राहकांवर. लेखिकेनं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या, फ्रेंच चित्रकार देगाच्या एका चित्राखाली लिहिलं होतं, 'लुईसीन हॅवमायर यांच्या मृत्युपत्रानुसार, १९२९'. संग्रहालयाच्या नोंदीत मात्र ओळ अशी आहे: 'एच. ओ. हॅवमायर संग्रह, मिसेस एच. ओ. हॅवमायर यांच्या मृत्युपत्रानुसार, १९२९'. आमच्या नियमपुस्तिकेत लिहिलंय की संग्रहालयानं दिलेली श्रेयाची ओळ जशीच्या तशी छापायची. मी तिचं नाव काढलं, त्या जागी नवऱ्याची आद्याक्षरं घातली, बाजूला 'मूळ नोंदीप्रमाणे' असा शेरा लिहिला आणि पुढच्या पानावर गेले.

एच. ओ. म्हणजे हेन्री ऑस्बोर्न हॅवमायर, साखरेच्या धंद्यातला बडा माणूस. तो १९०७ मध्ये वारला. लुईसीननं देगाचं पहिलं चित्र घेतलं ते १८७७ मध्ये, चित्रकार मेरी कॅसॅटच्या सल्ल्यावरून. तेव्हा तिचं लग्नही झालेलं नव्हतं, ते झालं १८८३ मध्ये. म्हणजे ज्या नजरेतून हा संग्रह उभा राहिला ती नजर नवऱ्याच्या आधीची आहे आणि त्याच्या मागेही वीसहून जास्त वर्षं काम करत राहिलेली आहे. १९१५ मध्ये तिनं न्यूयॉर्कला देगा, कॅसॅट आणि जुन्या उस्तादांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि त्याचं उत्पन्न स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीला दिलं. १९१९ मध्ये व्हाइट हाउससमोर राष्ट्राध्यक्ष विल्सनचा पुतळा जाळण्याच्या निदर्शनात ती पकडली गेली. वय त्रेसष्ट. ती तुरुंगात गेली आणि बाहेर आल्यावर तुरुंग भोगलेल्या इतर बायकांबरोबर रेल्वेनं देशभर भाषणं करत फिरली. १९२९ मध्ये ती वारली आणि जवळपास दोन हजार वस्तू संग्रहालयाला मिळाल्या. तिच्या आठवणी छापल्या गेल्या त्या १९६१ मध्ये, तेही खाजगी वितरणासाठी.

हे सगळं त्या लेखात होतं. मी वाचलं होतं, स्वल्पविराम तपासले होते. आणि त्याच लेखातल्या चित्राखाली मी तिला पुन्हा 'मिसेस एच. ओ.' केलं.

नियम पाळला, यात चूक काय, असं कुणी विचारेल. नोंदणी विभागात बसलेल्या माणसाला हा प्रश्न मनापासून पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. संग्रहालयात वस्तू आली की तिला क्रमांक मिळतो आणि ती कुठून आली याची एक ओळ लिहिली जाते. ती ओळ बहुतेक वेळा कायद्याच्या कागदावरून उतरवलेली असते: दानपत्र, मृत्युपत्र, बिल. दात्यानं जसं नाव लिहा म्हटलं तसं लिहायचं, असा करारही असतो. ती ओळ मग वहीतून कार्डावर जाते, कार्डावरून संगणकावर, तिथून भिंतीवरच्या पाटीवर, प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये आणि छायाचित्र मागणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाच्या फाइलमध्ये. प्रत्येक टप्प्यावर माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं आणि त्याला सांगितलेलं असतं, मुळाबरहुकूम ठेवा. आमची शिस्तच तशी आहे आणि ती शिस्त नसती तर अर्ध्या वस्तूंचा माग लागला नसता. मी ती शिस्त अजूनही मानते. पण मूळ नोंद लिहिणाऱ्यानं जो भेद केला तोही याच शिस्तीनं पुढे पुढे जातो, आणि दर वेळी छापला गेल्यामुळे जास्त अधिकृत होत जातो. लेखात चित्र छापलं की पुढचा अभ्यासक लेखातून ती ओळ उचलतो. नोंदवही आणि जर्नल या दोन वेगळ्या जागा आहेत असं मी अकरा अधिक नऊ वर्षं समजत होते. आता वाटतं, ती एकच लांबलचक वही आहे.

उपाय अवघड नव्हता. कराराची ओळ तशीच ठेवून पुढे चौकोनी कंसात 'लुईसीन हॅवमायर' लिहिता आलं असतं. जुन्या हस्तलिखितांत संपादक रोज असे कंस घालतात. मला ते सुचलं नाही, कारण तिथे काही हरवलंय असं मला दिसलंच नाही.

संग्रहालयातल्या स्त्रीवादाबद्दल बोलताना आपण बहुधा भिंतींबद्दल बोलतो. ते साहजिक आहे. कलेची इतिहासकार लिंडा नॉकलिननं १९७१ मध्ये थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत हा प्रश्न घेतला आणि तो प्रश्नच कसा वाकडा आहे ते दाखवलं. ज्या काळात कलाशाळांमध्ये नग्न मॉडेल समोर ठेवून चित्र काढणं हा शिक्षणाचा कणा होता, त्या काळात बायकांना त्या खोलीत प्रवेश नव्हता. मग थोरवी येणार कुठून? १९८९ मध्ये गोरिला मुखवटे घालणाऱ्या गुरिला गर्ल्स या स्त्री-कलावंतांच्या गटानं मेट्रोपॉलिटनमध्ये मोजणी केली आणि पोस्टरवर छापलं: आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री-कलावंत ५ टक्क्यांहून कमी, पण नग्नचित्रांपैकी ८५ टक्के स्त्रियांची. २०१२ मध्ये त्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा ४ टक्क्यांहून कमी आणि ७६ टक्के. तेवीस वर्षांत स्त्री-कलावंतांचा वाटा वाढलाच नाही.

माझं लक्ष हल्ली जातं ते या गोष्टी छापल्या कुठे गेल्या याकडे. नॉकलिनचा निबंध 'आर्टन्यूज' या मासिकात आला, विद्वत्तापूर्ण जर्नलमध्ये नाही. गुरिला गर्ल्सचं प्रकाशन म्हणजे रस्त्यावरची पोस्टरं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतलं आफ्रिकेचं दालन, त्यातले पेंढा भरलेले प्राणी आणि त्यामागची पुरुषी स्वप्नं यांची चिरफाड डॉना हॅरावेनं केली ती 'सोशल टेक्स्ट'च्या १९८४-८५ च्या हिवाळी अंकात. हेच संग्रहालय १९५८ पासून 'क्युरेटर' हे या क्षेत्रातलं नावाजलेलं नियतकालिक काढत होतं. गॅबी पोर्टर ब्रिटनमध्ये स्वतः संग्रहालयात काम करत होती. घर आणि काम यांवरच्या प्रदर्शनांत पुरुष कर्ता म्हणून ठसठशीत दिसतो आणि बाई पार्श्वभूमी होऊन जाते, हे तिनं दाखवलं. तिचे गाजलेले निबंध १९८८ आणि १९९६ च्या संपादित ग्रंथांतली प्रकरणं आहेत.

संपादित ग्रंथातलं प्रकरण म्हणजे काय, हे या क्षेत्रातल्या लोकांना सांगायला नको. नेमणुकीच्या आणि बढतीच्या वेळी त्याचं वजन जर्नलमधल्या लेखापेक्षा कमी धरलं जातं. शोधयंत्रात ते मागे पडतं. ग्रंथ महाग असतो, एखाद्या ग्रंथालयात असतो, एखाद्यात नसतो. आणि असला तरी कुठल्या फळीवर? ग्रंथालयांच्या ड्युई वर्गीकरण पद्धतीत संग्रहालयशास्त्राचा क्रमांक ०६९ आणि स्त्रियांविषयीच्या पुस्तकांचा ३०५.४. दोन्हीबद्दलचं पुस्तक एकाच जागी बसू शकतं, त्यामुळे वर्गीकरण करणाऱ्याला निवडावं लागतं. ३०५.४ वर गेलं की संग्रहालयशास्त्राचा विद्यार्थी ०६९ च्या फळीवरून हात फिरवत जातो आणि या विषयावर कुणी लिहिलेलंच नाही असं समजून परत येतो. मी स्वतः विद्यार्थिदशेत असं समजले होते. माझ्या पहिल्या निबंधात 'या विषयाकडे आजवर दुर्लक्ष झाले आहे' हे वाक्य आहे. माझ्या आधीच्या बायकांचं काम मीच त्या वाक्यानं पुसलं. आता एखाद्या लेखात ते वाक्य आलं की मी लेखकाला विचारते, तुम्ही कुठे कुठे शोधलंत?

गेल्या महिन्यात जे घडलं त्याची सुरुवात माझ्याच एका जुन्या लेखापासून झाली. नव्या कामासाठी त्याची संदर्भसूची हवी होती. सहज पेन्सिल घेतली आणि नावांवर खुणा करत गेले. ४७ नोंदी. त्यांत स्त्रिया १६. वाईट नाही, असं वाटलं. मग त्या लेखात कुठे कुठे येतात ते पाहिलं. १६ पैकी ११ जणी एका परिच्छेदात होत्या, ज्यात 'स्त्रीवादी दृष्टिकोन' हे शब्द होते. संग्रहालय म्हणजे काय, सत्ता म्हणजे काय, वस्तूला अर्थ कसा येतो, हे सगळं सांगायला मी फुको, बूर्दिए आणि टोनी बेनेट या पुरुष विचारवंतांना बोलावलं होतं. आयलीन हूपर-ग्रीनहिलनं १९९२ मध्ये फुकोच्याच अंगानं संग्रहालयांच्या ज्ञानव्यवस्थेवर अख्खं पुस्तक लिहिलं. माझ्या लेखात ती होती 'शिक्षण आणि प्रेक्षक' या परिच्छेदात. तिला सिद्धान्ताच्या खोलीतून उठवून मीच वर्गात बसवलं होतं.

आणि आल्मा विटलिन तर नव्हतीच. व्हिएन्नात शिकलेली, नाझींमुळे देश सोडून इंग्लंडला आलेली ही बाई. १९४९ मध्ये तिनं संग्रहालयांचा इतिहास आणि त्यांचं शैक्षणिक काम यांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. संग्रहालय कुणासाठी, बघणाऱ्याला त्यातून काय कळतं, हे प्रश्न तिनं तेव्हा विचारलेत. ते प्रश्न 'नवे' म्हणून मांडणारे लेख मी आजही तपासते. १९७० मध्ये तिनं विषय पुन्हा हातात घेऊन दुसरं मोठं पुस्तक केलं. मी तिचं नाव ऐकलेलं होतं. वाचलं नव्हतं, कारण ज्यांना मी वाचत होते त्यांच्या सूचीत ती नव्हती. संदर्भसूची अशीच वाढते, आधीच्या सूचीवरून.

यावर समाजशास्त्रात एक गोष्ट आहे, मला ती फार महत्त्वाची वाटते. रॉबर्ट मर्टननं १९६८ मध्ये 'मॅथ्यू परिणाम' मांडला: ज्याचं नाव मोठं, श्रेय त्याच्याकडेच वळतं. त्या लेखाचा आधार होता हॅरिएट झुकरमन या संशोधिकेनं नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या घेतलेल्या मुलाखती. लेखावर नाव एकट्या मर्टनचं. पुढे मर्टननंच छापून कबूल केलं की हा लेख दोघांच्या नावावर असायला हवा होता. कबुली प्रामाणिक होती, पण तोवर लेख 'मर्टन, १९६८' म्हणून जगभर गेलेला होता, आणि आजही तसाच जातो. १९९३ मध्ये विज्ञानाच्या इतिहासकार मार्गारेट रॉसिटरनं स्त्रियांचं श्रेय पुरुषांकडे जाण्याला 'माटिल्डा परिणाम' असं नाव दिलं, एकोणिसाव्या शतकात हेच लिहून गेलेल्या माटिल्डा जोस्लिन गेजवरून. त्या लेखात झुकरमनचं उदाहरण आहे.

संग्रहालयात हे आणखी खोल जातं, कारण तिथलं बरंचसं ज्ञान लेख म्हणून जन्मालाच येत नाही. आमच्या विभागात हजारो टंकलिखित कार्डं होती. वस्तूचं वर्णन, माप, डागडुजी, सारख्या वस्तूंशी तुलना, कधी आधीच्या अभिरक्षकाची (क्युरेटरची) चूक दुरुस्त केलेली. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात दोन-तीन अक्षरं असायची, टंकणारीची आद्याक्षरं. मी हजेरीपटाशी ताडून त्यांतल्या सहा जणी ओळखल्या. एकीचा हात तर शैलीवरून ओळखू यायचा. लाखेच्या कामाबद्दल ती इतकं बारकाईनं लिहायची की पुढे छापलेल्या कॅटलॉगमधली अख्खी वाक्यं तिच्या कार्डावरची आहेत. कॅटलॉगवर नाव अभिरक्षकाचं. प्रस्तावनेच्या शेवटी 'कार्यालयीन साहाय्याबद्दल कर्मचारी भगिनींचे आभार'.

त्या सहा जणींवर मी लेख लिहिला आणि एका जर्नलला पाठवला. एका समीक्षकानं लिहिलं, हा विषय कर्मचारी-व्यवस्थापनाचा आहे, संग्रहालयशास्त्राचा नव्हे. दुसऱ्यानं लेख चांगला आहे म्हटलं आणि सुचवलं की स्त्रियांवरचा विशेषांक निघेल तेव्हा पाठवावा. पहिल्याचा मला त्या दिवशी राग आला. दुसऱ्याचं म्हणणं मात्र अजून सलतंय, कारण तो आपुलकीनं बोलत होता. विशेषांक म्हणजे छापील रूपातलं ते एक दालन, जे मार्चमध्ये उघडतं आणि एप्रिलमध्ये आवरलं जातं. त्यात उत्तम लेख येतात, माझाही शेवटी अशाच एका अंकात आला. पण पुढच्या अंकात जर्नल पूर्ववत सुरू होतं, त्या लेखांना कुणी प्रत्युत्तर देत नाही, आणि संपादकांना मनापासून वाटतं की हा विषय आपण घेतला होता. कार्डं लिहिणाऱ्या बायका वर्गीकरणाच्या लेखात यायला हव्यात, अधिग्रहणाच्या लेखात यायला हव्यात, जिथे त्यांनी काम केलं तिथे. विशेषांक बंद करा असं मी म्हणत नाही. ज्या काळी एकही दार उघडत नव्हतं त्या काळी त्यांनी दार उघडलं. फक्त तेवढ्यावर हिशेब मिटला असं धरू नये.

पैशाबद्दलही थोडं. चित्राची परवानगी विकत घ्यावी लागते, लेख सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून खुल्या प्रकाशनाचं शुल्क लेखकाला भरावं लागतं, आणि ज्याला विद्यापीठात पक्की नोकरी आहे त्याचं हे विद्यापीठ भरतं. कंत्राटावर असणाऱ्या, मधे मुलांसाठी किंवा आजाऱ्यासाठी थांबलेल्या, स्वतंत्रपणे अभ्यास करणाऱ्या बाईचं कुणी भरत नाही. मेट्रोपॉलिटननं २०१७ मध्ये आपल्याकडच्या स्वामित्वहक्क नसलेल्या कलाकृतींची छायाचित्रं सगळ्यांना मुक्त केली आणि लेस्टर विद्यापीठातून निघणारं 'म्युझियम अँड सोसायटी' २००३ पासून वाचायला फुकट आहे. स्त्रीवादावरच्या कुठल्याही घोषणेपेक्षा या दोन गोष्टींनी माझ्या ओळखीच्या जास्त बायका लिहित्या झाल्या.

एक भाषेचं. इंग्रजी संदर्भसूचीत आडनाव आणि आद्याक्षर एवढंच येतं, बाई की पुरुष ते कळत नाही. काहींना यात समता दिसते. माझा अनुभव असा की 'विटलिन, ए.' वाचताना मनात पुरुषच उभा राहतो. मराठीत लिहिताना हेच आदरार्थी बहुवचनानं होतं. 'पोर्टर म्हणतात', 'विटलिन यांनी दाखवलं' असं लिहिलं की वाक्य सभ्य होतं आणि बाई दिसेनाशी होते. म्हणून वर मी 'नॉकलिननं', 'ती', 'तिनं' असं लिहिलंय. अनादर म्हणून नव्हे. मला त्या दिसायला हव्या होत्या.

तर, संदर्भसूचीवर पेन्सिल फिरवून झाल्यावर मी माझ्या तपासणीच्या जुन्या फाइली उघडल्या. लेखकांनी लिहिलेली पूर्ण नावं मी किती ठिकाणी छाटली ते बघायचं होतं. तिथे लुईसीन सापडली. लाल रेघ, माझी आद्याक्षरं, 'मूळ नोंदीप्रमाणे'.

मी त्या लेखिकेला पत्र लिहिलं. जे केलं ते सांगितलं, माफी मागितली, आणि ऑनलाइन आवृत्तीत चौकोनी कंस घालून दुरुस्ती करावी अशी संपादकांना विनंती केली आहे हेही कळवलं. तिचं उत्तर दोन दिवसांत आलं, अगदी प्रेमळ. तिला ती दुरुस्ती नीट आठवत होती. तेव्हा वाईट वाटलं, पण जर्नलची पद्धत अशीच असते असं समजून ती काही बोलली नव्हती. आणि पुढे लिहिलं होतं: 'माझा नवा लेख तुमच्याकडेच येतोय. यात मी सगळ्या दात्या स्त्रियांची नावं सुरुवातीपासूनच तुमच्या पद्धतीनं लिहिलीत, म्हणजे तुम्हाला पुन्हा बदलत बसावं लागणार नाही.'

तो लेख काल आला. चित्रं बावीस आहेत. आज रात्री मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आहे, आणि प्रत्येक 'मिसेस'पुढे कंस उघडून तिचं नाव शोधते आहे. आतापर्यंत नऊ सापडली.